‘ऑफलाइन’ दिसलं की लगेच रीसेट नको, आधी तुटलं कुठे ते शोधा

ॲपमध्ये स्मार्ट दिव्याच्या किंवा प्लगच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ आलं की बहुतेक घरांत पहिला उपाय एकच होतो: रीसेट. बल्ब भराभर बंद-चालू करायचा, प्लगचं बटण दाबून धरायचं आणि सगळं पहिल्यापासून जोडायला बसायचं. यात वेळ जातोच, पण खरं नुकसान वेगळं आहे. रीसेट केल्यावर उपकरणाने लक्षात ठेवलेलं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पुसला जातो. दोष राउटरमध्ये असेल तर तो तिथेच राहतो, आणि आता हे उपकरणही नव्याने जोडावं लागतं. आधी एक काम होतं, त्याची दोन झाली.

मी नाशिकला वायरिंगची आणि स्मार्ट स्विच, बल्ब, कॅमेरे बसवण्याची कामं करते. “ताई, गीझरचा प्लग परत गेला हो,” असे फोन नेहमीचेच. जाऊन बघावं तर प्लग धडधाकट असतो, बिघाड वाटेत कुठेतरी असतो. ती वाट एकदा नीट कळली की बऱ्याचशा दुरुस्त्या घरच्या घरी होतात. तंत्रज्ञ बोलवायची गरज पडू नये, अशा बेताने मी इथे सांगते आहे.

हुकूम कोणत्या वाटेने जातो

फोनवर बटण दाबलं की हुकूम सरळ बल्बकडे जातो असं वाटतं. बऱ्याच स्वस्त उपकरणांत तो फोनमधून राउटरकडे, तिथून इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे, सर्व्हरकडून परत तुमच्याच राउटरकडे आणि मग बल्बकडे जातो. काही उपकरणं एकाच वाय-फायवर असताना फोनशी थेटही बोलतात, पण सगळी नाही. या वाटेवर कुठेही अडथळा आला तरी ॲपमध्ये शब्द एकच दिसतो, ऑफलाइन. म्हणून त्या शब्दावरून काहीही ठरवू नका. चार गोष्टी बघा, आणि याच क्रमाने बघा.

आधी उपकरणावरचं किंवा भिंतीवरचं बटण हाताने दाबा. आतल्या रिलेचा (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचचा) ‘टक्’ आवाज आला, दिवा लागला, म्हणजे वीज पोचते आहे आणि उपकरण जिवंत आहे. आवाजच नाही, एलईडीही नाही, तर हा वाय-फायचा प्रश्नच नव्हे. सॉकेट, एमसीबी, वायर तपासा.

मग बघा, एकच उपकरण गेलंय की सगळी? सगळी एकदम गेली असतील तर राउटर, त्याचा अडॅप्टर किंवा इंटरनेट. एकाच खोलीतली गेली असतील तर सिग्नल. एकाच कंपनीची सगळी गेली आणि दुसऱ्या कंपनीची व्यवस्थित चालू आहेत, तर बहुधा त्या कंपनीचा सर्व्हर किंवा तुमचं लॉगिन. अशा वेळी काहीही न करणं हाच उपाय. तासाभराने बघा.

तिसरं म्हणजे फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर ॲप उघडा. डेटावर चालतं आणि घरच्या वाय-फायवर चालत नाही, तर गडबड फोनच्या बाजूला आहे: फोन गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) असेल, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या वाटेने वळवणारं ॲप) चालू असेल. उलट वाय-फायवर चालतं आणि डेटावर नाही, तर घरातली जोडणी ठीक आहे, घराबाहेरचं इंटरनेट तुटलेलं असण्याची शक्यता जास्त.

चौथी तपासणी सगळ्यांत बोलकी, आणि नेमकी तीच लोक टाळतात. राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. राउटरच्या पोटाखाली स्टिकर असतो, त्यावर पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. ब्राउझरमध्ये टाकताना आकडे इंग्रजी अंकांत टाका. यादीत उपकरणांची नावं विचित्र असतात, कधी नुसते अंक-अक्षरांचे गट. कोणतं आपलं ते ओळखायची सोपी युक्ती: प्लग सॉकेटमधून काढा, दोन-तीन मिनिटांनी यादी ताजी करा, जे नाव गेलं ते त्या प्लगचं. काही राउटर गेलेलं नाव लगेच काढत नाहीत, तेव्हा थोडा धीर धरा.

उपकरण यादीत आहे पण ॲप ऑफलाइन म्हणतंय, तर वाय-फायला दोष देऊ नका. पुढचं इंटरनेट, राउटरमधलं पेरेंटल कंट्रोल किंवा कंपनीचा सर्व्हर बघा. मुलांसाठी रात्री दहानंतर इंटरनेट बंद करायची वेळ लावलेली असते आणि त्यात चुकून घरातली सगळी उपकरणं धरलेली असतात. रोज ठरावीक वेळी सगळं जातं आणि सकाळी आपोआप येतं, अशी तक्रार असली की मी आधी तिथेच बघते. उपकरण यादीतच नसेल, तर ते राउटरपर्यंत पोचत नाही. पुढचं बहुतेक सगळं त्यासाठी आहे.

२.४ आणि ५ चा घोळ

नवीन उपकरण जोडलंच जात नाही, या तक्रारीचं सगळ्यांत मोठं कारण हे. राउटर वाय-फाय दोन पट्ट्यांवर (बँडवर) देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्मार्ट बल्ब, प्लग, स्विच यांतली बहुसंख्य उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. हल्लीचे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. फोन ५ वर बसतो, बल्ब २.४ शोधत राहतो, आणि दोघांची भेट होत नाही.

उपाय तीन, सोप्याकडून सुरुवात करते. राउटरपासून लांब जा, दोन भिंती पलीकडे किंवा जिन्यात. ५ चा सिग्नल तिथे मरतो, फोन आपोआप २.४ वर उतरतो, आणि तिथे उभं राहून उपकरण जोडता येतं. बल्ब असेल तर होल्डर लावलेली वायर सोबत न्यावी लागते, पण काम होतं. दुसरा, राउटरमध्ये ५ चा पट्टा दहा मिनिटं बंद ठेवा, जोडणी झाली की चालू करा. तिसरा आणि कायमचा, राउटरमधलं ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टिअरिंग’ बंद करून दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या. एकदा जोडणी झाली की फोन पुन्हा ५ वर गेला तरी चालतो. राउटर एकच असल्यामुळे दोघं एकाच नेटवर्कवर असतात.

तिथेच असताना सुरक्षेचा प्रकार बघून घ्या. २०१८ साली आलेला डब्ल्यूपीए३ जुन्या चिपना समजत नाही. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर पासवर्ड बरोबर असूनही उपकरण नकार देतं. २.४ च्या पट्ट्याला डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ हा पर्याय बऱ्याचदा चालतो, पण अडलं तर साधा डब्ल्यूपीए२ करून बघा.

चॅनेल म्हणजे पट्ट्यातले क्रमांक दिलेले छोटे मार्ग, त्यांचंही इथेच उरकू. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता बसतात. इमारतीत प्रत्येक फ्लॅटला राउटर असतो, त्यामुळे गर्दी असतेच. फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझर ॲपने बघून तिघांपैकी कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केल्याने या पट्ट्यात वेग फारसा हाती लागत नाही, शेजाऱ्यांचा गोंगाट मात्र वाढतो. चॅनेल ‘ऑटो’वर सोडला असेल तर भारतात राउटर १२ किंवा १३ वरही जाऊ शकतो, आणि अमेरिकेसाठी बनवलेलं उपकरण ११ च्या पुढे बघतच नाही. भाच्याने न्यू जर्सीहून आणलेला कॅमेरा कधी दिसतो, कधी दिसत नाही, त्यामागे हे असू शकतं.

वाय-फायचं नाव साधं ठेवा. देवनागरी नाव किंवा इमोजी फोनला चालतात, स्वस्त चिपला चालतील याची खात्री नाही. इंग्रजी अक्षरं आणि आकडे पुरे. नावाच्या किंवा पासवर्डच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही पण मोजली जाते.

आणि राउटर बदलणार असाल तर हे लक्षात ठेवा, याने अख्खा रविवार वाचतो. नव्या राउटरला जुन्याचंच नाव, तोच पासवर्ड आणि तोच सुरक्षा प्रकार द्या. लहान-मोठी अक्षरं आणि मोकळ्या जागा तंतोतंत तशाच. घरातली उपकरणं आपली आपण परत येतात, एकालाही हात लावावा लागत नाही. इंटरनेट कंपनी बदलताना बसवायला आलेल्या मुलाला हे आधीच सांगा, नाहीतर तो त्याच्या मनाने नाव टाकून जातो.

फोन स्वतःच अडवतो तेव्हा

जोडणी करताना फोनची लोकेशन चालू लागते. अँड्रॉइडमध्ये लोकेशनची परवानगी नसेल तर ॲपला आसपासची वाय-फाय नेटवर्क शोधता येत नाहीत. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी ‘जवळपासची डिव्हाइस’ ही वेगळी परवानगी आली. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून ‘लोकल नेटवर्क’ अशी परवानगी आहे. पहिल्यांदा विचारल्यावर ‘नको’ दाबलं गेलं असेल तर ॲप घरातलं काहीच शोधू शकत नाही आणि पुन्हा विचारतही नाही. सेटिंगमध्ये जाऊन हाताने चालू करावी लागते. व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएस लावला असेल तर तोही.

दिव्याची लुकलुक नीट बघा. बाजारातली पुष्कळ उपकरणं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात पण आतून तुया कंपनीच्या यंत्रणेवर चालतात, त्यांचं ॲप स्मार्ट लाइफ. यांत भरभर लुकलुक म्हणजे फोन वाय-फायची माहिती हवेत पसरवेल आणि उपकरण ती पकडेल, ही पद्धत. सावकाश लुकलुक म्हणजे उपकरणाने स्वतःचंच छोटं वाय-फाय सुरू केलं आहे. भरभर पद्धत दोनदा फसली तर सावकाशवर जा, ती जास्त भरवशाची. त्यात फोनला उपकरणाच्या वाय-फायवर जोडावं लागतं आणि फोन लगेच विचारतो, ‘इथे इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं?’ हो म्हणा. मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर फोन गुपचूप डेटावर उडी मारतो आणि जोडणी नव्वद टक्क्यांवर अडकून पडते.

भिंत, पत्रा आणि आरसा

सिग्नल मोजल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये असं माझं ठाम मत आहे. ‘पट्ट्या फुल आहेत’ याला अर्थ नाही, कारण त्या फोनच्या पट्ट्या असतात. फोनचा अँटेना चांगला असतो, प्लगमधला म्हणजे बोटाच्या पेराएवढी तांब्याची नागमोडी रेघ. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत निर्धास्त, उणे ७० च्या खाली कुरकुर सुरू, उणे ८० म्हणजे आज आहे उद्या नाही. दर १० ला शक्ती दहापट कमी होते, म्हणून ६५ आणि ७५ मधला फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे. शक्यतो राउटरच्या यादीत उपकरणापुढे लिहिलेला आकडा बघा, किंवा उपकरणाच्या ॲपमधल्या माहितीत बघा. फोनने मोजलात तर त्यातून आणखी दहा वजा धरा.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे स्विचबोर्डच्या मागे स्मार्ट मॉड्यूल बसवायची पद्धत आहे. जुने बटण तेच, आत एक काडेपेटीएवढी डबी. वायरिंग कन्सिल्ड असेल तर भिंतीत बॉक्स असतो, आणि बऱ्याच इमारतींत तो पत्र्याचा असतो. म्हणजे मॉड्यूलला पाच बाजूंनी पत्रा आणि फक्त समोर प्लॅस्टिकची प्लेट. त्यात आत वायरींचा गुंता कोंबलेला, कधी डिमर, कधी फॅनचा रेग्युलेटर. सिग्नल बाहेर पडायला तोंड तेवढंच. ते तोंड राउटरच्या विरुद्ध दिशेला असेल तर शेजारच्या खोलीतला राउटरही दूर पडतो.

सिडकोतल्या एका घरी बेडरूमचा फॅन रात्री ऑफलाइन व्हायचा आणि सकाळी आपोआप यायचा. घरच्यांनी राउटर बदलला, मॉड्यूलही बदलून आणलं, पण फरक पडला नाही. मी दुपारी गेले तेव्हा सगळं सुरळीत. काकूंना म्हटलं, रात्री झोपताना खोलीत जे जे करता ते आता करून दाखवा. त्यांनी खिडकी लावली, पडदा ओढला आणि कपाटाचं सरकतं दार पलीकडे ढकललं. दाराला उभा आरसा होता आणि तो बरोबर स्विचबोर्डच्या पुढ्यात आला. आरशाच्या मागे चांदीचा मुलामा असतो, म्हणजे धातूच. राउटरच्या पानावर आकडा उणे ६४ वरून उणे ८२ ला गेला, डोळ्यांदेखत. दार दुसऱ्या बाजूला ठेवायचं ठरलं, खर्च शून्य. तेव्हापासून मी कुठेही गेले की तक्रारीच्या वेळी घरात काय हललेलं असतं ते विचारते. दार, फ्रिज, इस्त्रीचं टेबल, लोखंडी कपाट.

बॉक्स पत्र्याचा असेल तर उपाय काय? शक्य असेल तर प्लॅस्टिकचा बसवून घ्या, थोडी भिंत फोडावी लागते. फॅनचं मॉड्यूल छताला पंख्याच्या वाटीत हलवता येतं का बघा, तिथे सिग्नल मोकळा मिळतो. फेज कायम राहील अशी वायर बदलावी लागेल, ते माहीतगाराकडून करा. मॉड्यूलचा अँटेना उकरून प्लेटच्या बाहेर काढणं मात्र कोणीही करू नका. या डब्यांमधला पॉवर सप्लाय अनेकदा मेनपासून विलग केलेला नसतो, त्यामुळे त्या बारीक वायरवरही २३० व्होल्ट असू शकतात. प्लेट उघडायच्या आधी एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा, स्विच बंद असणं पुरेसं नाही.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत वेगळंच. दगड-विटांच्या हातभर जाड भिंती, त्यात ओल. पाणी २.४ चा सिग्नल शोषून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात ओलावलेली भिंत उन्हाळ्यातल्यापेक्षा जास्त अडवते. माळ्यावरची पाण्याची टाकी भरलेली आणि रिकामी यातही फरक पडतो. अशा घरी एकाच राउटरने सगळं निभेल अशी आशा धरू नये. आतल्या चौकापर्यंत केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्याच नेटवर्कचं वाय-फाय देणारी डबी, लावा. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे देणारी डबी) लावायचा झाला तर जिथे सिग्नल पोचत नाही तिथे नको, राउटर आणि त्या खोलीच्या मध्यावर लावा. जिथे सिग्नलच नाही तिथे रिपीटर पुढे देणार काय?

आणि राउटर टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात, तिजोरीवर ठेवू नका. फायबरची वायर जिथे आत आली तिथेच राउटर राहतो, कारण बसवणाऱ्याला तेच सोयीचं. पाच-दहा मीटर जास्तीची वायर मागा आणि घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर आणा. महागडा राउटर घेण्याआधी हे करा.

लाइट जाते-येते तेव्हा

लाइट गेली आणि आली की बल्ब, प्लग काही सेकंदांत जागे होतात. फायबरची डबी आणि राउटर यांना दोन ते पाच मिनिटं लागतात. तोवर उपकरणं शोधत राहतात. चांगली उपकरणं पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, काही थोडा वेळ शोधून गप्प बसतात. लाइट आल्यावर दहा मिनिटं थांबा, आणि जे आलं नसेल ते फक्त एकदा बंद करून पुन्हा चालू करा. एकदाच.

हे ‘एकदाच’ का, ते महत्त्वाचं आहे. बल्बला बटण नसतं, म्हणून त्याला रीसेट करायची रीत म्हणजे तीन किंवा पाच वेळा लागोपाठ बंद-चालू. पहिल्या पावसात लाइट भप-भप येते-जाते तेव्हा बल्बला वाटतं मालक रीसेट करतो आहे, आणि तो जोडणी विसरून लुकलुकू लागतो. वादळानंतर घरातले सगळे बल्ब एकदम लुकलुकताना दिसले तर घाबरू नका, बिघडलेले नाहीत. काही ॲपमध्ये बल्बच्या सेटिंगमध्ये ही रीसेटची रीत बंद करता येते. सापडली तर पावसाळ्याआधी बंद करून टाका.

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा, बहुतेक १२ असतात, काही ९. फायबरची डबी वेगळी असेल तर दोघांनाही पुरेल असा घ्या. घरात इन्व्हर्टर असला तरी राउटरचा सॉकेट त्या लाइनवर आहे का, ते एकदा मेन बंद करून बघा, पुष्कळ घरांत तो नसतो. दिवसातून चार-पाचदा सगळंच मिनिटभर जातं आणि येतं, तर राउटरपेक्षा त्याच्या अडॅप्टरवर संशय घ्या. जुना अडॅप्टर भार पेलेनासा होतो आणि राउटर मधूनच पुन्हा सुरू होतो. तेवढ्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघा.

गीझरच्या प्लगबद्दल वेगळं सांगते, कारण यात आग लागू शकते. २ किलोवॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा १३. दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग यासाठी नाहीच, सोळाचा घ्या. तोही सॉकेटमध्ये सैल बसत असेल तर तापतो. गीझर चालू असतानाच प्लग ऑफलाइन होत असेल तर वाय-फायकडे जाऊ नका. पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. चटका बसत असेल, प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल, तर तो तत्क्षणी काढा आणि सॉकेटही बदला.

पाहुणे आले की

गणपतीत घरात वीस-पंचवीस माणसं असतात आणि प्रत्येकाला वाय-फाय हवं असतं. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर एका वेळी ठरावीक उपकरणांनाच झेपतो, आणि घरात स्मार्ट उपकरणं आधीच पंधरा-वीस असतात. मग उशिरा जागं झालेलं उपकरण बाहेर राहतं. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क काढा, शक्यतो फक्त ५ च्या पट्ट्यावर. राउटरच्या डीएचसीपी भागात (इथून प्रत्येक उपकरणाला पत्ता मिळतो) पत्त्यांची मर्यादा लहान ठेवलेली असेल तर वाढवा, आणि कॅमेरा, हब (काही उपकरणांना राउटरशी जोडणारी मधली डबी) यांचे पत्ते राखून ठेवा. एक खबरदारी: तुमचा स्वतःचा फोन गेस्टवर टाकू नका. गेस्टवरच्या फोनला घरातली उपकरणं मुद्दामच दिसू दिली जात नाहीत.

दोन राउटर असतील, कंपनीचा एक आणि तुम्ही विकत घेतलेला दुसरा, तर दोघंही आपापलं वेगळं घर मांडून बसतात. फोन एकावर, बल्ब दुसऱ्यावर. दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावा.

झिगबीचं थोडक्यात, म्हणजे वाय-फायऐवजी हबमार्फत बोलणाऱ्या उपकरणांच्या रेडिओ पद्धतीचं. हब असलेल्यांसाठीच. झिगबीही २.४ मध्येच राहतं. वाय-फाय १, ६, ११ वर असेल तर झिगबीचे १५, २०, २५ आणि २६ हे चॅनेल मोकळ्या फटींत बसतात. हब राउटरपासून मीटरभर तरी लांब ठेवा. यूएसबीचा डोंगल असेल तर तो एक्स्टेंशन वायरवर लावा, यूएसबी ३ च्या पोर्टमधून याच पट्ट्यात गोंगाट येतो. दिवे आणि प्लग एकमेकांचा संदेश पुढे देतात, त्यामुळे कोणी भिंतीवरून झिगबीचा दिवा बंद केला की त्याच्या पलीकडचा दाराचा सेन्सर हरवतो.

परदेशातून येणाऱ्यांना एक विनंती. अमेरिकेतला स्मार्ट प्लग किंवा बल्ब १२० व्होल्टसाठी असतो, इथल्या २३० वर तो जळू शकतो. अडॅप्टरवर ‘१००–२४०’ लिहिलेले स्पीकर, कॅमेरे चालतात. झेड-वेव्ह ही झिगबीसारखीच दुसरी रेडिओ पद्धत तर तिथे ९०८ मेगाहर्ट्झवर आणि इथे ८६५ वर, दोघांचा संबंधच जुळत नाही. आणि आई-बाबांच्या घरची उपकरणं तिथून बघायची असतील तर खातं उघडताना देश भारत निवडा. काही ॲपमध्ये वेगळ्या देशाच्या खात्यांना एकमेकांशी घर वाटून घेता येत नाही.

आता रीसेट

वरचं सगळं बघून झालं, उपकरण यादीत नाही, सिग्नल चांगला आहे, दुसरी उपकरणं जोडली जाताहेत, तर आता रीसेट करा. ॲपमधून उपकरण काढू नका. नुसतं रीसेट करून त्याच खात्यात पुन्हा जोडलं तर अनेक ॲपमध्ये नाव, खोली आणि वेळापत्रक जसंच्या तसं राहतं. काढून टाकलंत तर ‘संध्याकाळी सातला देवघराचा दिवा’ वगैरे सगळं पुन्हा बसवावं लागतं. तरीही आधी वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट घ्या. पहिली जोडणी राउटरपासून दोन-तीन मीटरवर करा आणि मग उपकरण त्याच्या जागी न्या. जवळ जोडलं गेलं आणि जागेवर नेल्यावर पडलं, तर सिग्नलचाच प्रश्न होता हे तिथल्या तिथे कळतं.

रीसेट करूनही ‘हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे’ असा संदेश आला, तर बसवणाऱ्याने ते त्याच्या मोबाइल नंबरवर नोंदवलेलं आहे. हे फार घरांत आढळतं, आणि मला त्याचा राग येतो, कारण त्या माणसाला तुमच्या घरातले दिवे, कधीकधी कॅमेराही, त्याच्या घरी बसून दिसू शकतो. त्याला फोन करून त्याच्या ॲपमधून उपकरण काढायला सांगा, तो समोर असतानाच तुमच्या खात्यात जोडून घ्या. तो सापडत नसेल तर खरेदीचं बिल आणि उपकरणावर किंवा खोक्यावर छापलेला आयडी घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे जुनी नोंद काढण्याची मागणी करा. नवीन घर घेतलं असेल आणि आधीच्या मालकाने स्मार्ट कुलूप किंवा कॅमेरा मागे ठेवला असेल, तर चाव्या घ्यायच्या दिवशीच त्यांना समोर बसवून त्यांच्या फोनमधून प्रत्येक उपकरण काढून घ्या.